अल्-बलद (जुनं जिद्दा) : गाईडसोबतची पायी फेरी

अल्-बलद म्हणजे सौदी अरेबियातल्या जिद्दा शहराचा जुना भाग, जो 1947 पर्यंत तटबंदीच्या आत होता. लाल समुद्राच्या काठावरचं हे बाजाराचं गाव, मक्केपासून साधारण 80 किलोमीटरवर, समुद्रमार्गे येणाऱ्या हाज यात्रेकरूंचं उतरायचं बंदर. 2014 साली युनेस्कोनं ‘ऐतिहासिक जिद्दा, मक्केचं द्वार’ ह्या नावानं त्याची जागतिक वारसा यादीत नोंद केली, नोंद झालेलं क्षेत्र जेमतेम 18 हेक्टर आहे, म्हणजे चालत बघण्यासारखंच. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणाच्या आहेत की गाडीचा काही उपयोग नाही. सप्टेंबर 2019 मध्ये सौदीनं परदेशी पर्यटकांना ऑनलाइन व्हिसा सुरू केला आणि तेव्हापासून गाईडसोबतच्या फेऱ्या वाढल्या, त्याआधी जिद्द्यातच राहणारे परदेशी नोकरदार, वास्तुकलेचे विद्यार्थी आणि स्थानिक हौशी मंडळी असे गट काढायची.

फेरी कुठून कशी जाते

ठरलेला एकच मार्ग नाही. बरेच गाईड उत्तरेच्या बाब जदीद वेशीपाशी लोकांना जमवतात, मग शाम, मझलूम, यमन आणि बहर ह्या जुन्या मोहल्ल्यांतून (अरबीत हारा) फिरवत सूक अल्-अलवी ह्या मुख्य बाजाररस्त्यावर आणतात आणि पूर्वेला बाब मक्का वेशीशी सोडतात. मधे बैत नसीफ, शाफिई मशीद, मतबूली घर, अशी ठिकाणं. वेशींबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, आज ज्या वेशी दिसतात त्या जुन्या तटाचे शिल्लक तुकडे नाहीत, तट पाडल्यावर पुन्हा उभारलेल्या किंवा नंतर बांधलेल्या आहेत. चांगला गाईड हे पहिल्याच थांब्यावर सांगतो.

तटबंदीचा वाद

जिद्द्याच्या इतिहासात सगळ्यात जास्त मतभेद तटबंदीवर आहेत आणि फेरीत नेमका हाच भाग एका वाक्यात उरकला जातो, म्हणून इथे जरा सविस्तर.

गाव बंदर म्हणून पुढे आलं ते तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, हिजरी 26 च्या सुमारास म्हणजे इ.स. 646-47, तेव्हा मक्केचं बंदर शुऐबाहून इथे हलवलं असं बहुतेक सगळे धरतात. त्याआधीही इथे कोळ्यांची वस्ती होती ही परंपरा आहे, पण तिला आधार नंतरच्या लेखकांचाच. 1050 मध्ये इराणी प्रवासी नासिर-ए-खुस्रौ आला तेव्हा त्यानं मजबूत तट, चांगले बाजार, मक्केकडे एक आणि समुद्राकडे एक अशा दोन वेशी, आणि अंदाजे 5,000 पुरुषांची वस्ती असं लिहून ठेवलंय. म्हणजे अकराव्या शतकात तट होता. पण 1183 मध्ये अंदलूसचा (मुस्लिम स्पेनचा) इब्न जुबैर आला त्याला बहुतेक घरं बोरूची-गवताची दिसली, आणि जुन्या तटाच्या फक्त खुणा उरलेल्या. हे दोघंही भरवशाचे लेखक आहेत, त्यामुळे मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तट ढासळला असं मानणं सगळ्यात सरळ आहे.

आज गाईड ज्या तटाबद्दल बोलतात तो वेगळाच, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. इजिप्तचा मामलूक सुलतान कान्सूह अल्-घौरी यानं पोर्तुगीजांच्या धास्तीनं अमीर हुसैन अल्-कुर्दी ह्या सरदाराला आरमार देऊन लाल समुद्रात पाठवलं आणि त्यानं जिद्द्याला तट घातला, इथपर्यंत एकमत. कधी घातला ह्यावर नाही. एक मत असं की 1505-06 मध्ये, आरमार हिंदुस्थानकडे निघायच्या आधी काम झालं, दुसरं मत असं की तो हिंदुस्थानातून हरून परत आल्यावर, 1509 नंतर, काम पुरं झालं. बंदराची मोक्याची बाजू आधी घाईघाईनं बांधून घेतली आणि बाकीचा तट परतल्यावर वर्षा-दोन वर्षांत पुरा केला असं मानलं तर दोन्ही बाजूंचे उल्लेख जुळतात, आणि तेच जास्त पटतं.

मराठी वाचकाला हा अमीर हुसैन परका वाटायचं कारण नाही. मार्च 1508 मध्ये आपल्या रेवदंड्याशेजारच्या चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराला ज्यानं गाठलं, आणि ज्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेईदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला, तो सेनापती हाच. पुढच्या वर्षी 3 फेब्रुवारीला दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी त्याचा बदला घेतला आणि हुसैनचं आरमार मोडलं. म्हणजे चौलची लढाई आणि जिद्द्याचा तट एकाच मोहिमेची दोन टोकं आहेत. आपल्याकडे चौल शिकवताना जिद्दा येत नाही आणि जिद्द्यात फिरवताना चौल येत नाही, आणि हे मला फार खटकतं, कारण दोन्ही गावं एकमेकांशिवाय अर्धीच समजतात. 1517 मध्ये लोपो सुआरिशचं पोर्तुगीज आरमार जिद्द्यासमोर येऊन थांबलं पण गाव न घेताच परत फिरलं. त्याच वर्षी मामलूक सत्ता संपून उस्मानी (ऑटोमन) तुर्क आले आणि हुसैनला समुद्रात बुडवून मारलं असं सांगतात.

2024 च्या सुरुवातीला सौदी सरकारच्या ऐतिहासिक जिद्दा कार्यक्रमानं उत्खननाचे निकाल जाहीर केले, उस्मान बिन अफ्फान मशीद, शूना (जुनं कोठार), पूर्वेचा खंदक आणि उत्तरेचा तट अशा चार जागांवर मिळून 25,000 च्या आसपास अवशेष मिळालेत, बहुतेक मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि जनावरांची हाडं. ह्या मशिदीत सापडलेल्या आबनूसच्या खांबांचं लाकूड श्रीलंकेकडचं आहे आणि ते हिजरीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं असावं असं तपासणीतून पुढे आलंय. बंदराचा हिंदी महासागराशी संबंध इतका जुना असल्याचा हातात धरता येईल असा पुरावा म्हणून ह्याचं मोल तटाच्या तारखेपेक्षाही जास्त आहे.

घरं, दगड आणि लाकूड

फेरीत लोक माना वर करून बघतात ती घरं मात्र एवढी जुनी नाहीत. आज उभी असलेली बहुतेक मोठी घरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि विसाव्याच्या सुरुवातीची, म्हणजे 1869 मध्ये सुवेझ कालवा उघडला, आगबोटी वाढल्या, यात्रेकरू आणि पैसा दोन्ही वाढलं, त्या काळातली. चार-पाच मजले, काही त्याहून उंच.

भिंती पोवळ्याच्या दगडाच्या. किनाऱ्यालगतच्या उथळ खाजणातून हा दगड काढून चौकोनी घडवायचे, खाजणातल्याच चिखलाचा सांधा, आणि दर साधारण मीटरभर उंचीवर भिंतीत आडवे लाकडी वासे घालायचे. ह्या वाशांमुळे वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं आणि एखादा भाग खचला तरी अख्खी भिंत फाटत नाही. दगड सच्छिद्र आहे, ओल आणि मीठ ओढतो, म्हणून बाहेरून चुन्याचा गिलावा, जो भिंतीला श्वास घेऊ देतो. विसाव्या शतकात कित्येक घरांना सिमेंट फासलं गेलं, ओल आत कोंडली, मीठ फुललं आणि दगड भुगा होऊन गळायला लागला. आता दुरुस्तीत आधी सिमेंट खरवडून काढतात मगच पुढचं काम. फेरीत कुठे अशी उघडी भिंत दिसली तर थांबून वासे मोजावेत, नुसत्या दर्शनी बाजूपेक्षा तिथे घर जास्त समजतं.

दर्शनी बाजूचं लाकडी काम म्हणजे रोशन, भिंतीच्या बाहेर आलेला जाळीदार, झाकलेला लाकडी सज्जा, बहुतेक वेळा एकाच्या डोक्यावर एक असा मजल्यामागून मजला चढत जाणारा. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही, वारा खेळता राहतो आणि आत बैठक असते. हा प्रकार आला कुठून ह्यावर तीन मतं आहेत. पहिलं, कैरोच्या मशरबियाचं (जाळीदार लाकडी खिडकीचं) हे किनाऱ्यावरचं रूप, मामलूक-उस्मानी सत्तेबरोबर आलेलं. दुसरं, गुजरातेतल्या लाकडी हवेल्यांचा वारसा, कारण सागवान आणि कारागिरीचा माल तिकडून जहाजानं यायचा. तिसरं, सुआकिन, मसावा, यनबो, जिद्दा ह्या लाल समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या बंदरांची ही आपली एक सामाईक शैली, कुणा एकाची नक्कल नव्हे. अलीकडचे अभ्यासक तिसऱ्याकडे झुकतात, आणि ते बरोबरच वाटतं, कारण सज्जाची मांडणी चारही बंदरांत इतकी सारखी आहे की कैरो किंवा सुरत अशा एका गावाकडे बोट दाखवून भागत नाही. पण लाकूड बाहेरचंच, ह्याबद्दल वाद नाही, हिजाझच्या (अरबस्तानच्या ह्या पश्चिम भागाच्या) किनाऱ्यावर घर बांधण्याजोगी झाडं नव्हतीच, सागवान हिंदुस्थान आणि जावाकडून यायचं. म्हणून रोशनचा प्रत्येक मोठा तुकडा हा मुळात जहाजातला माल आहे, हे डोक्यात ठेवून बघितलं की बाजार आणि घर वेगळे राहत नाहीत.

बैत नसीफ हे सगळ्यात प्रसिद्ध घर. 1872 ते 1881 च्या दरम्यान उमर नसीफ यांनी बांधलं, खोल्या 100 च्या वर, जिना इतका रुंद आणि सावकाश चढणारा की सामान लादलेले उंट वर जायचे असं सांगतात. डिसेंबर 1925 मध्ये वेढा संपून शहर ताब्यात आल्यावर अब्दुलअझीझ (इब्न सऊद, पुढे सौदी अरेबियाचे पहिले राजे) इथेच उतरले. दारातला कडुनिंब कित्येक वर्षं तटाच्या आतलं एकमेव झाड होतं म्हणतात, त्यामुळे ‘झाडवालं घर’ अशीच ओळख. शाफिई मशिदीचा मिनार तेराव्या शतकातला, येमेनच्या रसूलिद घराण्यातल्या सुलतान मुझफ्फर युसुफच्या नावावर सांगितला जातो, मशिदीचा बाकी भाग नंतर पुन्हा बांधलेला.

वाटाडे : मुतव्विफ आणि वकील

गाव फिरवून दाखवणारा माणूस ही इथली नवी गोष्ट नाही. मक्केत यात्रेकरूला विधी करवून घेणारा मुतव्विफ, हा धंदा कधी सुरू झाला ह्याबद्दल एक गोष्ट नेहमी दिली जाते, 1480 मध्ये मामलूक सुलतान काइतबाय हाजला आला तेव्हा मक्केचे काझी इब्राहीम इब्न झहीरा यांनी त्याला प्रार्थना सांगत प्रदक्षिणा घडवली. ही नोंद देणारा सोळाव्या शतकातला इतिहासकार कुत्बुद्दीन अल्-नहरवाली, ह्याचं घराणं मूळ गुजरातेतल्या पाटणचं. इथून धंदा ‘सुरू’ झाला असं म्हणणं जरा ताणलेलं आहे, परक्या गावात वाट दाखवणारे आधीही असणारच, ही फक्त नाव घेऊन केलेली पहिली नोंद.

जिद्द्यापुरतं बघितलं तर आजच्या गाईडचा जवळचा पूर्वज मुतव्विफपेक्षा त्याचा वकील, म्हणजे प्रतिनिधी. यात्रेकरू बंदरात उतरला की ‘तुझा मुतव्विफ कोण’ एवढंच विचारायचे आणि नाव सांगितलं की त्या मुतव्विफचा जिद्द्यातला वकील त्याला, त्याच्या सामानाला घेऊन जायचा, मोहल्ल्यातल्या घरात मुक्काम, उंटांची सोय, बाजारातली खरेदी, सगळं त्याच्याकडे. यात्रेच्या मोसमात घरमालक खालचे मजले भाड्यानं द्यायचे, त्यामुळे इतक्या खोल्यांची घरं परवडायची. ह्यात लुबाडणूकही व्हायची आणि तक्रारी मुंबईपर्यंत यायच्या. 1886 मध्ये हिंदुस्थान सरकारनं हाज प्रवासाची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे सोपवून बघितली, ती काही वर्षांतच गुंडाळली गेली.

बाजार

सूक अल्-अलवी, सूक अल्-नदा, काबील रस्ता, बदूंचा बाजार, ही आजही चालू असलेली नावं. 1814 मध्ये स्विस प्रवासी बुर्कहार्टनं इथली दुकानं अक्षरशः मोजून ठेवली, त्यात कॉफीची 27, आणि औषधं-अत्तर-धूप विकणारे सगळे हिंदुस्थानी, बहुतेक सुरतेकडचे. आज मसाले, बखूर (धूप), कापड, सोनं, तसबीह (जपमाळा) आणि स्वस्त चायना माल शेजारी शेजारी असतात. श्रीमंत घराणी 1960-70 च्या दशकांत उत्तरेकडच्या नव्या वस्त्यांत गेली, घरं येमेनी, आफ्रिकी आणि दक्षिण आशियाई कामगारांना भाड्यानं गेली, काही जळाली, काही कोसळली. गेल्या काही वर्षांत सांस्कृतिक मंत्रालयानं दुरुस्ती हातात घेतलीय, काही घरांची हॉटेलं झालीत.

मुंबईशी नातं

मुंबई-जिद्दा जलमार्ग हा दीडशे वर्षांहून जास्त काळ मराठी मुलखातल्या हाजींचा रस्ता होता, भारतातून हाजचं शेवटचं जहाज ‘अकबरी’ 1995 मध्ये गेलं. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे मुहम्मद अली झैनल अलीरेझा, जिद्द्याच्या व्यापारी घराण्यातले, मुंबईत मोत्यांचा व्यापार करणारे. त्यांनी 1905 मध्ये जिद्द्यात अल्-फलाह शाळा काढली, नंतर मक्केत आणि मुंबईतही. जिद्द्यातली शाळा जुन्या गावातच आहे, काही फेऱ्या तिच्यावरून जातात, ज्या जात नाहीत त्यांच्या गाईडला विचारून वाट वाकडी करण्यासारखी आहे.

वेळ

दुपारी उन्हानं आणि बंद दुकानांनी काही साधत नाही, फेऱ्या बहुतेक असरच्या (दुपार उलटल्यावरच्या) नमाजनंतर निघतात आणि 2-3 तास चालतात. नोव्हेंबर ते मार्च हवा बरी. शुक्रवारी दुकानं उशिरा उघडतात. रमजानमध्ये गाव रात्री जागं असतं, खाण्याचे ठेले लागतात, पण गर्दी इतकी की गाईडचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे घरं नीट बघायची असतील तर रमजान सोडून जावं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, सपाट बूट, आणि माणसांचे, खासकरून बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. दुरुस्ती चालू असलेल्या गल्ल्या अधूनमधून बंद असतात, म्हणून मार्ग आदल्या दिवशी विचारून घ्यावा.