हॅट, टोपी आणि टॉवेल: सोलापूरच्या डोक्यावरच्या धंद्याची पार्श्वभूमी

सोलापुरात चादर विणली गेली, टॉवेल विणला गेला, पण हॅट कधी बनली नाही. तरी एखाद्या जुन्या वकिलाच्या किंवा रेल्वेतल्या नोकरदाराच्या घरचा माळा आवरायला काढला, की कधीकधी फेल्टची हॅट हाती लागते. वरून कसरीने चाळण केलेली, आतली घाम टिपणारी चामड्याची पट्टी मात्र शाबूत. त्या पट्टीवर विलायती कंपनीचं नाव आणि पावणेसात किंवा सात असा आकडा असतो. हा आकडा डोक्याचा घेर नव्हे. हॅटच्या आतल्या लांबी-रुंदीची ती इंचांतली सरासरी. आपला टोपीवाला टेप डोक्याभोवती फिरवतो, म्हणून त्याच डोक्याला तो २२ म्हणतो.

फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे. सशाची किंवा बीव्हर या प्राण्याची लव वाफ, पाणी आणि दाब यांनी एकमेकांत गुंतवून हा जाड थर करतात आणि लाकडी ठोकळ्यावर चढवून त्याला आकार देतात. लव नीट गुंतावी म्हणून युरोपातले कारागीर पूर्वी पाऱ्याचं द्रावण वापरत. त्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेल्याने हात थरथरायचे, डोकं फिरायचं. हॅटवाले वेडे असतात ही इंग्रजांतली थट्टा या व्यवसायातल्या विषबाधेशी जोडली जाते. १८४९ मध्ये लंडनच्या लॉक कंपनीने बनवून घेतलेली गोल, टणक बोलर हॅट ताठ राहायची ती लाखेमुळे, आणि लाखेचा मोठा पुरवठा होता हिंदुस्थानातून. लाख इथून जायची, हॅट तिथून यायची. कापूस आणि कापडाची गोष्ट तरी याहून वेगळी कुठे होती?

सोलापुरात १८६० च्या सुमारास रेल्वे आली, १८७७ मध्ये पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली कापड गिरणी सुरू झाली. साहेब, इंजिनिअर, गार्ड यांच्यासोबत दोन प्रकारच्या हॅट आल्या. एक ही फेल्टची. दुसरी सोला हॅट, बंगाल-आसामच्या दलदलीत उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या भेंडापासून केलेली, वरून खाकी किंवा पांढरं कापड चढवलेली. सोलापूरच्या मे महिन्यात फेल्ट डोक्यावर ठेवणं ही शिक्षाच. सोला हॅट मात्र हलकी आणि उन्हाला अडवणारी. ती उपयोगाची होती यात वाद नाही, पण गोऱ्या माणसाने ती न घालता उन्हात पाऊल टाकलं तर तो आडवाच होईल, अशी जी भीती पसरवली होती तिला काही आधार नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यानेच ती बाजूला ठेवली, तेव्हा कुणी आडवं झालं नाही.

हॅट हे मूठभरांचं प्रकरण. खरा बाजार होता टोपीचा, आणि तो उभा होता एका मर्यादेवर: पुरुषाने उघड्या डोक्याने बाहेर पडायचं नाही. उघडं डोकं सुतकाचं. शेतकरी पटका स्वतः बांधायचा. पगडी मात्र पगडबंदाकडून बांधून घ्यावी लागे आणि ती जपावी लागे. शिवणयंत्र आलं, शाळा-कचेऱ्या वाढल्या आणि शिवलेली काळी टोपी स्वस्तात सुटसुटीत पडू लागली. मास्तर, कारकून, दुकानदार सगळे तिच्याकडे वळले. शहराला लागूनच निजामाचा मुलूख होता. तिकडच्या उच्चभ्रूंत शेरवानीवर लाल रुमी, म्हणजे तुर्की घाटाची, टोपी चाले. या टोप्यांचा मोठा माल युरोपातल्या बोहेमियातल्या (आजचं चेक प्रजासत्ताक) कारखान्यांत तयार व्हायचा. गंमत अशी, की खुद्द तुर्कस्तानात १९२५ मध्ये कायद्याने ती डोक्यावरून उतरवली आणि हॅट चढवली, पण हैदराबादेत ती पुढेही दिसत राहिली.

मग पांढरी टोपी आली. गांधीजींचे सहकारी काका कालेलकर यांनी या टोपीबद्दलचं गांधीजींचं स्पष्टीकरण नोंदवून ठेवलं आहे. गांधीजींनी प्रांतोप्रांतीच्या टोप्या न्याहाळल्या आणि काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला. पण ती लोकरीची, म्हणून सुती केली. रंग पांढरा, कारण काळ्यावर घाम आणि मळ दिसत नाही आणि टोपी धुतलीच जात नाही. शिवायला सोपी, घडी घालून खिशात मावणारी. धंद्याच्या नजरेतून पाहिलं तर हा फार हुशार माल होता. ना ठोकळा, ना अस्तर, ना पुठ्ठा. कुठल्याही शिंप्याने उरलेल्या खादीतून काढावी, घरी धुऊन नीळ-खळ द्यावी, इस्त्री फिरवावी. आयात टोपीवाल्याचं कंबरडं परदेशी मालाच्या होळीने मोडलं असेल त्याहून जास्त या साधेपणाने मोडलं, असं माझं मत.

सोलापुरात या टोपीची किंमत वेगळ्या चलनात मोजली गेली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी शहरात गोळीबार झाला, पोलीस चौक्या आणि न्यायालय जळालं, आणि १२ मे ते ३० जून मार्शल लॉ लागला. लष्कराच्या लेखी पांढरी टोपी म्हणजे बंडाची खूण. ती घालून रस्त्यावर येणं जोखमीचं झालं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्यानंतर या शहरात पांढरी टोपी नुसतं कापड राहिली नाही. ज्यांनी काळी टोपी सोडली नाही, त्यांचीही भूमिका लोक टोपीवरूनच ओळखू लागले.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने भांग पाडला, तेल लावलं आणि डोकं उघडंच ठेवलं. पश्चिमेतही याच सुमारास हॅट उतरली. तिथे मोटारीचं बुटकं छत आणि नव्या केशरचना ही कारणं सांगतात. आपल्याकडे कारण सरळ आहे: उघडं डोकं अशुभ मानणारी पिढी संपत गेली. काळ्या टोपीचा धंदा तिच्याबरोबर आटला.

पांढरी टोपी टिकली ती मानपानावर. लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ, दुखवट्यातही टोपी-टॉवेल. टॉवेल सोलापूरचाच असल्याने ही जोडी इथल्या दुकानांना चांगली मानवली. आहेराची टोपी डझनाने जाते आणि तिच्या मापाची कुणी चौकशी करत नाही, कारण ती घालायची नसते. हळद-कुंकवाचा टिळा लावून पाहुण्याच्या डोक्यावर ती क्षणभर टेकवतात. मग ती पिशवीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या पाहुण्याला मिळते. एकच टोपी किती मांडव फिरते याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आता पत्रिकेत ‘टॉवेल-टोपीचा आहेर नाही’ अशी ओळ येऊ लागली आहे आणि मांडवात भाड्याचे फेटे आले आहेत. गिऱ्हाईक म्हणून माप सांगून, आरशात बघून टोपी घेणारा आता मुख्यतः वारकरी. आषाढीच्या आधी तो पंढरपूरच्या वाटेवरच्या दुकानात थांबतो, टोपी दोन्ही हातांनी ताणून शिवण बघतो आणि भावात घासाघीस करतो.