गाळपाच्या तोंडावर बॉयलरचे पाणी : फिरता शुद्धीकरण संच भाड्याने घेण्यापूर्वी

गाळप स्थिरावल्यावर साखर कारखान्यात कंडेन्सेट (वाफ थंड होऊन मिळणारे, बॉयलरला वापरता येणारे पाणी) भरपूर मिळते, कारण उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. अडचण येते ती त्याआधी. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख जाहीर झालेली असते, डीएम प्लांटची (पाण्यातील विरघळलेले क्षार काढणाऱ्या यंत्रणेची) दुरुस्ती मात्र संपलेली नसते. त्यातच नवी वाफवाहिनी वाफ सोडून साफ करायची असेल, तर ती सारी वाफ आकाशात जाते आणि तिच्याबरोबर गेलेले पाणी परत येत नाही. अशा दिवसांसाठी आम्ही ट्रेलरवर बसवलेले संच भाड्याने देतो.

कोणता संच लागेल हे बॉयलरच्या टनांपेक्षा त्याच्या दाबावर आणि आपल्या पाण्यावर ठरते. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) आणि सिलिका तो कमी करत नाही. जुन्या २१ किलो दाबाच्या बॉयलरला हे बहुधा चालते, पण सहवीजनिर्मितीच्या ६७ किंवा ११० किलो दाबाच्या बॉयलरमध्ये सिलिका वाफेबरोबर उडून टर्बाइनच्या पात्यांवर बसते, म्हणून तेथे डीएम संचच हवा. बेसॉल्ट खडकातील विहिरींच्या पाण्यात विरघळलेली सिलिका बरीच आढळते. नदीच्या गढूळ पाण्यातील कलिल (अतिसूक्ष्म, न विरघळलेली) सिलिका रेझिनला (संचातील क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांना) दाद देत नाही, त्यामुळे आधी तुरटी किंवा पीएसीने (पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइडने) पाणी निवळून घ्यावे लागते.

संच किती वेळ पुरेल याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) धरते असे मानले, तर १,००० लिटर रेझिन ४०० पीपीएम हार्डनेसचे १२५ घनमीटर पाणी देईल. ताशी १० टनांच्या बॉयलरचे ८० टक्के कंडेन्सेट परत येत असेल, तर ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडून दिलेले पाणी) वगळता हे पाणी ६० तासांहून अधिक पुरते. काहीच परत येत नसेल, तर साडेबारा तासांत संपते. म्हणूनच चौकशीच्या वेळी आम्ही कंडेन्सेटचा आकडा आधी विचारतो.

हंगामाच्या मध्येही संचाची गरज पडू शकते. कंडेन्सेटमध्ये रस उतरला, तर साखर बॉयलरमध्ये विघटित होऊन आम्ले तयार होतात आणि पाण्याचा पीएच झपाट्याने खाली येतो. अल्फा-नॅफ्थॉल चाचणीत जांभळे वलय दिसताच ते कंडेन्सेट तोडावे लागते आणि तेवढे शुद्ध पाणी तत्काळ दुसरीकडून आणावे लागते. ही चाचणी पाळीत एकदाच उरकण्याची पद्धत आम्हाला अपुरी वाटते.

आमचा रेझिन संच विरघळलेला ऑक्सिजन काढत नाही, त्यामुळे डीएरेटर (पाण्यातील ऑक्सिजन काढणारे उपकरण) आणि नेहमीचे रासायनिक डोसिंग चालूच ठेवावे. संपलेले रेझिन आम्ही आमच्या आवारात नेऊन पुनरुज्जीवित करतो, म्हणून आम्ल व कॉस्टिकचे सांडपाणी आपल्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) येत नाही. आरओ (पडद्यातून पाणी गाळणारा) संच घेतल्यास मात्र नाकारलेल्या पाण्याची सोय आपल्यालाच करावी लागेल, आणि ते एकूण पाण्याच्या पाव हिश्श्याइतके असू शकते.

मागणीसोबत हार्डनेस, टीडीएस, सिलिका, लोह आणि मुक्त क्लोरीन यांचा ताजा अहवाल पाठवावा. पावसाळ्यापूर्वीचा अहवाल ऑक्टोबरच्या पाण्याला लागू पडत नाही. ट्रेलर उभा करण्यासाठी सपाट, पक्की जागा आणि फीड टाकीपर्यंत स्वच्छ पाइप लागेल. जोडणीनंतरचे पहिले पाणी गटारात सोडावे आणि आपल्या प्रयोगशाळेतील मापनात वाहकता स्थिर झाल्यावरच ते टाकीत घ्यावे.