‘सन’ने निवडणूक जिंकून दिली?

1992 मध्ये ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष अनपेक्षितपणे जिंकला आणि ‘सन’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर जाहीर करून टाकलं, की हा विजय आपलाच. तेव्हापासून वृत्तपत्र मनात आणेल त्याला सत्तेवर बसवतं, असा समज जगभर पक्का झाला. दावा करणारा स्वतःच लाभार्थी होता, हे मात्र फारसं कुणी लक्षात घेतलं नाही!

1997 मध्ये ‘सन’ने मजूर पक्षाला पाठिंबा दिला आणि तो पक्ष जिंकला. पण जनमत चाचण्यांत तो 1992 च्या शरद ऋतूपासूनच पुढे होता. म्हणजे वारा आधी फिरला, शीड नंतर वळलं. अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत बहुतेक वृत्तपत्रं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधात होती. तरी त्यांनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली.

मग माध्यमांचा प्रभाव शून्य? तसंही नाही. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली ‘फॉक्स न्यूज’ ही वृत्तवाहिनी पोहोचलेल्या गावांत 1996 ते 2000 दरम्यान रिपब्लिकन मतं 0.4 ते 0.7 टक्के बिंदूंनी वाढली, असं एका अभ्यासात दिसलं. आकडा किरकोळ वाटतो, पण 2000 मध्ये अध्यक्ष कोण हे ठरवणारा फ्लोरिडा राज्याचा निकाल अवघ्या 537 मतांनी लागला होता.