कागद व पुठ्ठा आयातीची तुलना : भारत आणि चीन

दोन देशांनी वर्षानुवर्षे बाहेरून किती कागद आणि पुठ्ठा आणला, हे एकाच वर्गीकरणाखाली मांडून ताडून पाहण्याची ही अभ्यासपद्धत आहे. हार्मोनाइज्ड सिस्टिम (एचएस) हे जागतिक वर्गीकरण १९८८ पासून लागू आहे. त्यात कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तू ४८व्या प्रकरणात येतात, तर लगदा आणि रद्दी ४७व्या प्रकरणात. तुलना बहुधा ४८व्यावरच थांबते आणि तिथेच फसते.

का फसते, हे कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सहज दिसते. यंत्राचे सुटे भाग भरायचा पाच प्लायचा खोका कोपऱ्यातून उसवून पाहावा. तीन सपाट थर, मध्ये दोन नागमोडी. हा तपकिरी क्राफ्ट कागद आपल्याकडे मुख्यतः रद्दीपासून बनतो. रद्दी पुन्हा पुन्हा दळली की तिचे तंतू आखूड होतात आणि कागदाचा बीएफ, म्हणजे फुटेपर्यंत दाब सोसण्याची ताकद, उतरते. म्हणून गिरण्या अमेरिका-युरोपातले जुने खोके मागवून त्यात मिसळतात. त्यांत लांब तंतू जास्त असतात. खोका देशी, पण त्याचा दम परदेशी रद्दीचा, आणि ती आयात नोंदली जाते ४७व्या प्रकरणात.

चीनच्या बाबतीत हा फरक फारच ठळक आहे. २०१६ मध्ये चीनने सुमारे २ कोटी ८५ लाख टन रद्दी आणली होती. पुढच्या वर्षापासून नियम कडक होत गेले आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याच्या आयातीवर, म्हणजे रद्दीवरही, पूर्ण बंदी आली. मग तोच तंतू रद्दीपासून केलेल्या लगद्याच्या आणि तयार क्राफ्ट कागदाच्या रूपाने चीनमध्ये येऊ लागला. नुसता ४८व्याचा आलेख पाहणाऱ्याला वाटेल, चीनची कागदाची गरज अचानक वाढली. खरे तर माल दुसऱ्या दाराने आला.

त्याची झळ इथवर पोचली. भारतीय गिरण्यांचा क्राफ्ट आणि लगदा चीनकडे वळला, २०२०-२१ मध्ये क्राफ्टचे दर भडकले आणि देशभरचे खोकेवाले अडचणीत आले. खोक्याचा दर आधीच ठरलेला आणि रिळाचा, म्हणजे क्राफ्ट कागदाच्या गुंडाळीचा, मात्र चढत जाणारा, या कात्रीत छोटा कारखानदार सर्वांत आधी सापडतो. आयातीच्या आकड्यांत त्याची ही ओढाताण कुठेच उमटत नाही.

भारताचा आलेख वाचताना कराची वर्षे शेजारी लिहून ठेवावीत. आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांशी झालेला वस्तुव्यापार करार २०१० पासून लागू झाला आणि तिथल्या कागदावरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरले. वृत्तपत्री कागदावर (एचएस ४८०१) २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के शुल्क बसले, ते २०२० मध्ये ५ टक्क्यांवर आले. दैनिकांच्या गावात त्याची चर्चा झाल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या अनेक प्रकारांच्या आयातीसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी सक्तीची आहे.

मोजमापही जपून निवडावे लागते. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचे जानेवारी ते डिसेंबर. म्हणून महिनावार आकडे घेऊन वर्षे जुळवावीत. रुपयांतली तुलना तर टाळावीच. २०१० च्या सुमारास ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२२ मध्ये ८० च्या पुढे गेला, त्यामुळे तेवढाच माल रुपयांत फुगलेला दिसतो. टनांत मोजावे, आणि ४७वे व ४८वे प्रकरण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवावे.