नौदल विमान संग्रहालय, गोवा

भारतीय नौदलाच्या हवाई शाखेचा इतिहास जतन करणारे संग्रहालय. ते मुरगाव तालुक्यात बोगमाळो येथे, दाबोळी विमानतळाजवळ असून ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. ‘आशियातील एकमेव नौदल विमान संग्रहालय’ असे त्याचे वर्णन वारंवार आढळते. मात्र विशाखापट्टणम येथे टीयू-१४२ हे सागरी टेहळणी विमान डिसेंबर २०१७ मध्ये संग्रहालयरूपाने खुले झाल्यापासून हे विशेषण जपूनच वापरावे लागते.

नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ कोणता मानावा, यावर संग्रहाची मांडणी कोठून सुरू होते हे ठरते. पहिली ‘शॉर्ट सीलँड’ विमाने कोचीनला आली ती १९५३ च्या प्रारंभी. ‘आयएनएस गरुड’ हा तळ मात्र ११ मे १९५३ रोजी कार्यान्वित झाला. नौदलाच्या परंपरेत तळाच्या तारखेला मान आहे. विमानांच्या संग्रहालयापुरता विचार केल्यास सीलँडपासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक वाटते. जमिनीवर व पाण्यावर उतरू शकणारे हे दुइंजिनी उभयचर विमान जगभरात सुमारे २५ च बांधले गेले. त्यांपैकी आज मोजकीच उरली असून एक येथे आहे. नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढण्याच्या कामी लावलेले ‘फायरफ्लाय’ हेही याच सुरुवातीच्या काळातले.

आवारातील सर्वांत मोठे विमान म्हणजे तीन शेपट्यांचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ (नौदल क्रमांक आयएन ३१५). एअर इंडियाची प्रवासी सेवा, मग वायुसेना आणि शेवटी १९७६ पासून नौदल अशा तीन मालकांकडे ते नांदले. नौदलाने त्याचा उपयोग सागरी टेहळणीसाठी केला. विमानवाहू नौकेशी त्याचा काहीच संबंध नव्हता, हे अंगणात नौकेवरून उडणाऱ्या सी हॉकच्या शेजारी ते पाहताना ध्यानात ठेवलेले बरे.

‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरील सी हॉक लढाऊ विमाने व पाणबुडीविरोधी ‘अलिझे’ यांनी १९७१ च्या युद्धात कॉक्स बझार, चितगाव या भागांवर हल्ले केले. ही दोन्ही विमाने येथे पाहायला मिळतात. त्यांची नौका मात्र राहिली नाही. १९९७ मध्ये सेवामुक्त झालेली विक्रांत काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय होती. ते २०१२ मध्ये बंद झाले आणि २०१४ मध्ये ती मोडीत गेली. त्यामुळे तिच्या धावपट्टीवरील जीवनाचा मूर्त पुरावा म्हणून बोगमाळोच्या विमानांचे मोल वाढले आहे. सी हॉकचे स्थान पुढे सी हॅरिअरने घेतले. ही विमाने ११ मे २०१६ रोजी दाबोळीच्या ‘आयएनएस हंस’ तळावर निवृत्त झाली. त्यांपैकी एक येथे आहे. याशिवाय सी किंग व कामोव्ह ही हेलिकॉप्टरे आहेत.

बहुतेक विमाने उघड्यावर असून समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला आणि गोव्याच्या पावसाला तोंड देतात. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यांना हे मानवणारे नाही. इमारतीतील दालनांत इंजिने, शस्त्रास्त्रे, छायाचित्रे व नौकांच्या प्रतिकृती आहेत.