प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी आली कशी

स्ट्रॉ मुळात प्लास्टिकची नव्हतीच हे खूप जणांना माहीत नसतं. अमेरिकेत लोक गवताच्या पोकळ काडीने पेय प्यायचे, पण ती भिजून मऊ पडायची आणि तिची चव पेयात उतरायची, म्हणून मार्विन स्टोनने 1888 साली मेण लावलेल्या कागदी स्ट्रॉचं पेटंट घेतलं. वाकणारी स्ट्रॉ जोसेफ फ्रीडमनची, पेटंट 1937 चं, आणि तिचे सुरुवातीचे मोठे गिऱ्हाईक होते हॉस्पिटलवाले, कारण झोपलेल्या पेशंटला डोकं न उचलता पिता यायचं. तीही कागदीच होती! प्लास्टिक आलं ते नंतर, स्वस्त पडतं आणि भिजत नाही म्हणून, आणि मग गरज असो नसो प्रत्येक ग्लासात स्ट्रॉ यायला लागली.

2015 मध्ये कोस्टारिकाजवळ संशोधकांनी एका कासवाच्या नाकातून स्ट्रॉ ओढून काढली, तो व्हिडिओ जगभर फिरला. बघवत नाही खरंच, रक्त येतंय आणि ते कासव कळवळतंय. ते ऑलिव्ह रिडले होतं, म्हणजे आपल्या कोकणातल्या वेळासला अंडी घालायला येतात त्याच जातीचं, त्यामुळे हा लांबचा प्रश्न आहे असं मला कधीच वाटलं नाही. 2018 ला अमेरिकेतल्या सिएटल शहराने प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी घातली.

आपल्याकडे मात्र प्लास्टिकचा राग आला तो पिशव्यांमुळे. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, नाले पिशव्यांनी तुंबलेत असं बोललं गेलं आणि 2006 मध्ये महाराष्ट्रात 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद झाल्या. स्ट्रॉचं नाव आलं राज्य सरकारच्या मार्च 2018 च्या अधिसूचनेत, थर्माकोलच्या ताटल्या, चमचे वगैरेंसोबत, पहिला दंड 5000 रुपये. देशभर बंदी 1 जुलै 2022 पासून. तेव्हा ज्यूस-ताकाच्या छोट्या पॅकवाल्या कंपन्यांनी मुदत वाढवून मागितली, सरकारने दिली नाही, आणि पॅकला कागदी स्ट्रॉ चिकटल्या. म्हणजे जमत होतंच की!

शहाळ्याच्या गाडीवर अजूनही प्लास्टिकची स्ट्रॉ मिळते. ती इतकी हलकी असते की भंगारवालाही घेत नाही, सरळ गटारात आणि तिथून खाडीत जाते. पण ज्यांना हात थरथरण्यामुळे किंवा गिळायच्या त्रासामुळे वाकणारी स्ट्रॉ खरंच लागते त्यांचा विचार व्हायलाच हवा, इंग्लंडने 2020 च्या बंदीत अशा लोकांसाठी सूट ठेवली, आपल्या नियमांतही ती स्पष्ट लिहायला पाहिजे.