थांबलेल्या चित्रातली चाल

मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकाराने १९१२ साली जिना उतरणाऱ्या विवस्त्र मानवाकृतीचे जे चित्र पूर्ण केले, ते आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. सुमारे दीड मीटर उंचीच्या या कॅनव्हासवर चेहरा नाही की त्वचेचा रंग नाही. तपकिरी-पिवळसर पट्ट्यांची एक रांग डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली उतरत येते, एवढेच दिसते. १९१३ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याची भरपूर टवाळी झाली. लोक चित्रात शरीर शोधत होते आणि चित्रकाराने तर शरीर वगळून फक्त त्याची गती ठेवली होती. स्वप्न आणि अबोध मन यांना कलेत आणणाऱ्या अतिवास्तववाद या चळवळीचा पहिला जाहीरनामा त्यानंतर, १९२४ साली निघाला. मात्र पुढे द्युशाँ त्या चळवळीच्या अगदी जवळ राहिला.

या चित्रात आकृतीच्या मध्यभागी बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या वक्र ओळी आहेत. ठिपक्यांची ही कल्पना मुळात शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेतली आहे. एतियेन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ १८८० च्या दशकात माणसाच्या चालण्याचा अभ्यास करत होता. भोके असलेली तबकडी कॅमेऱ्यात फिरवून तो एकाच काचेवर एका पाठोपाठ अनेक छायाचित्रे घेई. परंतु पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाच्या प्रतिमा एकमेकींवर चढत आणि सगळाच गोंधळ होई. यावर मारेने काढलेला उपाय मला त्याच्या सर्व उपकरणांपेक्षा मोठा वाटतो. त्याने माणसाला नखशिखान्त काळा पोशाख चढवला, हातापायांच्या लांबीवर चकाकत्या पट्ट्या व सांध्यांवर ठिपके लावले आणि त्याला काळ्या पार्श्वभूमीसमोरून चालायला सांगितले. शरीर अंधारात विरले आणि काचेवर चालीची भूमिती तेवढी उमटली. मारेची छायाचित्रे आपण पाहिली होती, असे द्युशाँने पुढे स्वतःच सांगितले.

शरीर पुसून टाकल्यावरही ते माणूस आहे हे आपल्याला कसे कळते, याचे उत्तर गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून मिळू लागले. त्याने खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे, घोटे अशा मुख्य सांध्यांवर दहा-बारा प्रकाशबिंदू लावून अंधारात चालणाऱ्या माणसाचे चित्रीकरण केले. चित्रफीत थांबवली की पडद्यावर अर्थहीन ठिपके उरत. ती सुरू होताच पाहणारा क्षणार्धात माणूस ओळखी. तेच चलचित्र उलटे, पाय वर करून दाखवले तर मात्र ओळखणे अवघड जाते. मेंदूच्या कानामागील भागात, शंखखंडाच्या वरच्या खाचेत, सजीवांच्या अशा हालचालींना प्रतिसाद देणारा प्रदेश आहे.

द्युशाँचे ठिपके तर हलतही नाहीत. म्हणूनच त्याला एका चौकटीत अनेक क्षण मांडावे लागले. याच्या उलट वाट माक्स एर्न्स्ट या अतिवास्तववादी चित्रकाराने घेतली. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात, १९३७ साली, त्याने रंगवलेला ‘चुलीचा देवदूत’ हा रंगीत चिंध्यांचा अर्धमानवी राक्षस आहे. हात पसरून, एक पाय उचलून तो ओसाड माळावर थयथयाट करतो आहे. येथे क्षण एकच आहे, पण तो असा निवडला आहे की त्या स्थितीत कोणतेही शरीर टिकू शकत नाही. तोल पुढच्याच क्षणी जाणार.

अशा अर्धवट क्षणाला मेंदू पुढे रेटतो. जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञेने १९८३ साली लोकांना चालू हालचालीतला एक स्थिर क्षण दाखवून लगेच दुसरे छायाचित्र दाखवले. दुसरे छायाचित्र त्याच हालचालीतल्या आधीच्या क्षणाचे असले तर ते वेगळे असल्याचे लोक चटकन सांगत. नंतरच्या क्षणाचे असले तर त्यांना अधिक वेळ लागे, कारण मनाने ती हालचाल तोवर पुढे नेलेली असे. पुढे मेंदूच्या प्रतिमांकनातही असे दिसले की धावत्या माणसाचे स्थिर छायाचित्र पाहताना, उभ्या माणसाच्या छायाचित्राच्या तुलनेत, गती टिपणारा दृष्टिप्रदेश अधिक सक्रिय होतो. एर्न्स्टच्या राक्षसाचा उचललेला पाय कॅनव्हासवर १९३७ पासून तसाच अधांतरी आहे. तो जमिनीवर आपटतो पाहणाऱ्याच्या डोक्यात.